आपल्याच मातीचे वॉटरकलर करून खडकाळ डोंगर कसे रंगवायचे : पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

मी अमरावती जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याला राहते, घरून बाहेर पडलं की समोर गाविलगडच्या रांगा दिसतात. चार वर्षं झाली, आसपासच्या मातीपासून रंग करते आणि त्याच रंगांनी इथले दगडधोंडे, टेकड्या, नाले रंगवते. सुरुवातीला विचारायला कोणीच नव्हतं. व्हिडिओ बघितले तर सगळे बाहेरच्या देशातले, त्यांची हवा वेगळी, माती वेगळी, सामान असं की आपल्या तालुक्याला मिळायचं नाही, त्यामुळे माझे पहिले सहा-सात महिने नुसते प्रयोगात गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवते.

आधी एक गोष्ट, कारण हे कळलं नाही तर पुढची मेहनत कशासाठी ते कळणार नाही. वऱ्हाडातला काळा खडक म्हणजे बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. त्यात लोखंड भरपूर. खडक झिजला की ते लोखंड हवा-पाण्याने गंजतं आणि त्या गंजाचेच पिवळे, तांबूस, तपकिरी रंग मुरमात उतरतात. म्हणजे समोरच्या टेकडीचा रंग आणि तिच्या पायथ्याच्या मुरमाचा रंग एकाच घरातले. ट्यूबमधला ब्राऊन घेऊन मी दोन वर्षं डोंगर रंगवले, दिसायला बरे दिसायचे पण आपल्याकडचे वाटायचे नाहीत. मुरमाच्या पहिल्या वॉशलाच (पाणीदार रंगाच्या पातळ थरालाच) ते वाटले.

सामान

- दोन बादल्या, तीन-चार काचेच्या बरण्या, जुनं सुती लुगडं किंवा ओढणी
- खलबत्ता (स्वयंपाकाचा नको, वेगळा ठेवा)
- खिडकीच्या जाड काचेचा साधारण फूटभर तुकडा, कडांना टेप लावून
- सपाट बुडाचा जड काचेचा पेपरवेट
- बाभळीचा डिंक, मध, लवंगेचं तेल
- जुना लोखंडी तवा
- पाण्याच्या बाटल्यांची प्लॅस्टिकची झाकणं, रंग भरायला
- नाकाला मास्क, हा पाहिजेच
- ३०० जीएसएमचा वॉटरकलर कागद, ८ आणि १२ नंबरचे गोल ब्रश, एक इंची चपटा ब्रश, एक जुना झिजलेला ब्रश

कागद सोडला तर बाकी सगळं गावात नाहीतर तालुक्याला मिळतं. पैसे वाचवायचे तर ब्रशमध्ये वाचवा, कागदात वाचवू नका. ड्रॉइंगच्या वहीच्या कागदावर मातीचा रंग बसतच नाही, कागद फुगतो आणि रंग डबक्यात जमा होतो.

१. माती कुठून घ्यायची

सगळ्यात चांगली जागा म्हणजे नवीन खणलेली विहीर. वर काळी माती, मग पिवळसर मुरूम, मग तांबूस, मग भुरकट कच्चा दगड, सगळं ढिगात बाहेर पडलेलं असतं, तुम्ही फक्त डबे घेऊन जायचं. आमच्या वावराशेजारी विहीर खणली तेव्हा मी सात पिशव्या भरून आणल्या. खणणारे काका बघत राहिले, म्हणे "काय करतं वं बाई या मातीचं, सोनं निंगते का यातून?" नंतर त्याच मातीत केलेलं त्याच विहिरीच्या ढिगाचं चित्र त्यांना नेऊन दाखवलं, तर त्यांनी हात पुसून ते हातात घेतलं आणि कोणता रंग किती फुटावरचा हे बोट ठेवून बरोबर सांगितलं.

दुसरी जागा नाल्याची दरड. तिसरी घाटरस्ता, जिथे डोंगर कापलेला असतो. काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये कधी कधी विटेसारखा लाल पट्टा दिसतो. एक लाव्हा वाहून थंड झाला, त्याच्यावरचा भाग झिजून माती झाली आणि मग वरून दुसरा लाव्हा आला, ती मधे दबलेली माती म्हणजे तो पट्टा. त्याचा लाल रंग अप्रतिम येतो. पण दरड उकरू नका, खाली सांडलेली मूठभर पुरते. मूठभर मातीत रंगाच्या दोन-तीन वड्या होतात आणि एक वडी मला सहा महिने जाते, त्यामुळे पोतंभर आणायची गरज नाही.

कुठून आणायची नाही तेही ऐका. मेळघाटच्या जंगलातून माती, दगड काही उचलायचं नाही, तो व्याघ्र प्रकल्प आहे. लोणारलाही तसंच, ते अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर स्थळही (जगभरात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागा), तिथे बसून चित्र काढा आणि माती मात्र आपल्या गावची वापरा, खडक तोच बेसाल्ट आहे. किल्ल्याच्या भिंतीपाशी, लेण्यांपाशी खरवडायचं नाही. दुसऱ्याच्या वावरातून विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. आणि पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) वावरातली वरची माती तर आपल्या स्वतःच्या वावरातलीही घेऊ नका, फवारणीचं औषध त्यात असतं आणि तुम्ही ती तासनतास हाताने घोटणार आहात. धुऱ्यावरची म्हणजे बांधावरची, तीही थोडी खोलवरची घ्या.

नागपूरच्या पुढे पूर्वेला राहत असाल तर तुमच्याकडे खडक बदलतो. चंद्रपूरकडे वालुकाश्म, भंडारा-गोंदियाकडे वेगळेच जुने खडक, त्यामुळे रंगही जास्त मिळतील. भंडारा-नागपूर पट्ट्यात मँगनीजच्या खाणी आहेत, तिकडच्या मातीत गडद कॉफीसारखा तपकिरी मिळतो. फक्त मँगनीजची धूळ शरीराला वाईट, ती माती कोरडी कुटू नका, ओलीच घोटा.

२. बरणीत टाकून बघा

माती आणली की लगेच कामाला लागू नका. बरणीत चार बोटं माती, वरपर्यंत पाणी, जोरात हलवा आणि ठेवून द्या. दुसऱ्या दिवशी खाली रेती, मधे गाळ, वर पाणी असं दिसेल. मधला थर जाड आणि रंगाचा असेल तर माती कामाची. सगळी रेतीच खाली बसली तर सोडून द्या.

इथे दोन फसगती आहेत.

काळी माती. सगळ्यांना आधी तीच घ्यावीशी वाटते, मीही घेतली. पण काळी माती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते, वावराला उन्हाळ्यात भेगा पडतात ना, अगदी तशाच भेगा कागदावर पडतात आणि रंगाचे पोपडे निघतात. खडकाच्या सावलीसाठी काळा हवा असेल तर काजळी वापरा, त्याचं पुढे सांगते.

दुसरं मीठ. अकोला, बुलढाणा, अमरावतीच्या खारपाणपट्ट्यातले असाल तर तुमच्या मातीतही क्षार आणि बोअरच्या पाण्यातही क्षार. चित्र वाळल्यावर दोन दिवसांनी पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं, ती बुरशी नसते, मीठ असतं. अशी माती चार-पाच पाण्यातून धुवा आणि शेवटचे हात पावसाच्या नाहीतर आरओच्या पाण्याचे द्या. रंगवायलाही तेच पाणी.

लिंबाचे दोन थेंब मातीवर टाका, फसफसलं तर चुनखडी आहे. चालते, पण रंग दुधाळ येतो. दूरच्या टेकड्यांना तो छान दिसतो, जवळच्या दगडाला नाही.

३. निथळून घेणं

सगळ्या कामात हेच मोठं आहे आणि लोक हेच टाळतात. नुसती चाळून, डिंक घालून लावली की होईल असं वाटतं, आणि मग ब्रश कागदावर खरखर ओरखडे काढत जातो.

अर्धी बादली पाण्यात माती टाका, हाताने गोळे फोडा, नीट ढवळा. आता थांबा आणि वीसपर्यंत मोजा. तेवढ्यात जाड रेती खाली बसते. वरचं गढूळ पाणी अलगद दुसऱ्या बादलीत ओता आणि तळ दिसायला लागला की हात थांबवा. दुसऱ्या बादलीतलं लुगड्यातून गाळा आणि रात्रभर झाकून ठेवा. सकाळी वर स्वच्छ पाणी आणि खाली सायीसारखा गाळ. पाणी ओतून द्या, नवीन घाला, पुन्हा तसंच. मी तीनदा करते. शेवटचा गाळ अंगठा आणि बोटामध्ये चोळा, लोण्यासारखा लागला तर झालं. एक कण जरी टोचला तरी परत.

बादलीतली रेती फेकू नका, थोडी जाडसर माती वेगळी ठेवा, तिचा पुढे उपयोग आहे.

गाळ स्टीलच्या ताटात पातळ पसरून सावलीत वाळवा. मे महिन्यात एका दिवसात पापुद्रे होतात, पावसाळ्यात आठ दिवस लागतात. वाळले की खलात कुटा, मास्क लावून. धूळ बारीक असते आणि छातीत बसते, एवढ्याशा कामाला काय मास्क असं म्हणू नका.

बाजारातला गेरू किंवा पिवडी घेतली तरी चालेल, पोळ्याच्या आधी सगळीकडे मिळते. पण विकत घेतलेल्यात कधी कधी रंग मिसळलेला असतो. पाण्यात टाका, रात्रभर बसू द्या. वरचं पाणी स्वच्छ झालं तर माती खरी, पाणी लाल-गुलाबीच राहिलं तर त्यात केमिकलचा रंग आहे, तो उन्हात उडायची भीती.

४. भाजणं

हे करताना मला अजूनही तेवढाच आनंद होतो. पिवळ्या मातीतल्या लोखंडात पाणी बांधलेलं असतं, भाजलं की ते उडून जातं आणि पिवळ्याचं लाल होतं. बाहेर चूल मांडा, तुराट्या नको, त्या भडकतात, आच मंद आणि सारखी पाहिजे. तव्यावर पिवळी पूड पातळ पसरा आणि हलवत राहा. आधी काही होत नाही. मग कडेकडेने नारिंगी झाक येते, मग तपकिरी, मग एकदम काळपट लाल. इथे घाबरून उतरवू नका आणि फसूही नका, गरम असताना रंग आहे त्यापेक्षा गडद दिसतो, थंड झाल्यावर उजळतो. दर चार-पाच मिनिटांनी एक चमचा काढून कागदावर ठेवत गेलात तर एकाच मातीचे चार-पाच रंग मिळतात. माझी निम्मी पेटी एका विहिरीच्या मुरमाची आहे.

काळ्यासाठी काजळी. तेलाच्या दिव्यावर कांस्याची नाहीतर स्टीलची वाटी पालथी धरायची, आपण डोळ्यात घालायच्या काजळासाठी धरतो तशीच. काजळी पाण्यात मिसळत नाही, वरच तरंगते, म्हणून तिला आधी डिंकाच्या पाण्यात बोटाने चोळून ओली करा. या काजळीचा अगदी पातळ वॉश मातीच्या रंगांशेजारी निळसर दिसतो, आणि आपल्याकडे निळी माती नसल्यामुळे सावल्या आणि लांबचे डोंगर यांचं सगळं काम हाच करतो.

निळ्यावरून आठवलं, अजिंठ्याच्या चित्रांत लाल-पिवळी माती, काजळी आणि हिरवी माती आहे, निळा तेवढा लॅपिस दगडाचा, तो बाहेरून आलेला. तिथला हिरवा आपल्याकडेही सापडू शकतो. फुटलेल्या खडकाच्या पोकळीत कधी कधी निळसर हिरवा मऊ थर असतो, तो खरवडला की हिरवी माती. मला चार वर्षांत जेमतेम दोन चिमट्या मिळाली, पण मिळाली.

हळद, कुंकू, पळसाची फुलं यांचे रंग कृपा करून वापरू नका. पहिल्या दिवशी सुंदर, उन्हाच्या खोलीत थोड्याच दिवसांत फिके. मातीचं तसं होत नाही, लोखंड गंजायचं ते गंजून झालेलं असतं.

५. डिंक

बाभळीचा डिंक, जेवढा फिकट तेवढा चांगला. किराणा दुकानात नुसतं "डिंक द्या" म्हटलं तर काहीही मिळतं. पाण्यात टाकल्यावर फुगून जेलीसारखा झाला तर तो कतीरा, त्याचा काही उपयोग नाही. आपल्याला विरघळणारा पाहिजे. धावड्याचा डिंक पूर्ण विरघळत नाही, घट्ट होतो, गाळून अडीअडचणीला चालतो.

५० ग्रॅम डिंक कुटून १०० मिली गरम पाण्यात, उकळतं नको. रात्रभर ठेवा, सकाळी लुगड्यातून गाळा, झाडाची साल-कचरा निघून जाईल. त्यात दोन चमचे मध आणि लवंग तेलाचे चार थेंब. मधामुळे वडी तडकत नाही आणि ब्रश लावला की लगेच विरघळते. उन्हाळ्यात मध थोडा जास्त, पावसाळ्यात एकच चमचा, नाहीतर वडी चिकटच राहते आणि मुंग्या लागतात. मी साखरेच्या डब्यासारखी पेटी पाण्याच्या ताटलीत ठेवते. लवंग तेल विसरलात तर जुलैमध्ये बुरशी ठरलेली.

६. घोटणं

काचेचा तुकडा आधी बारीक पॉलिश पेपरने पाणी टाकून घासा, दुधी झाली पाहिजे, गुळगुळीत काचेवर माती नुसती सरकते. एक चमचा पूड, मधे खळगा, त्यात थोडं पाणी, चमच्याने लगदा. मग साधारण लगद्याएवढाच डिंक. पेपरवेट ठेवून गोल गोल, आठच्या आकड्यासारखं फिरवा. पसरलं की पट्टीने मधे ओढा. सुरुवातीला करकर आवाज येतो, दात शिवशिवतात असा, वीस-पंचवीस मिनिटांनी आवाज जातो आणि पेपरवेट काचेला चिकटल्यासारखा ओढला जातो. तो आवाज जाईपर्यंत थांबायचं नाही.

आता टेस्ट. कागदावर पट्टा ओढा, वाळू द्या, बोट घासा. बोटाला माती लागली तर डिंक कमी. पट्टा चमकला किंवा तडकला तर जास्त, मग पूड वाढवा. प्रत्येक मातीला डिंक वेगळा लागतो, म्हणून माप पाठ करण्यापेक्षा पट्टा बघा.

७. वड्या

झाकणात एकदम काठोकाठ भरू नका, वाळताना आकसून मधे खड्डा पडतो. तीन वेळा, दर वेळी वाळू देऊन. सावलीत, फॅनखाली नाही, उन्हात तर मुळीच नाही. झाकणावर मार्करने मातीची जागा लिहा, वाळल्यावर सगळे तपकिरी सारखेच दिसतात.

८. वेळ आणि जागा

उन्हाळ्यात सकाळी सहा ते आठ. तेव्हा सावल्या लांब असतात आणि खडकाला आकार येतो, अकरा वाजता तोच खडक चपटा दिसतो. शिवाय ४५ डिग्रीत वॉश ब्रशखालीच वाळतो आणि मधे कडा पडतात. कागद मागून ओला करून बोर्डवर टेपने चिकटवलात तर थोडा वेळ जास्त मिळतो. हिवाळा सगळ्यात बेस.

९. खडक रंगवणं

पहिली चूक सगळेच करतात, आधी दगडाची बॉर्डर काढायची आणि आत रंग भरायचा. असा दगड बटाट्यासारखा दिसतो. डोळे बारीक करून बघा, दगडाला तीन बाजू दिसतील, उजेडाची, मधली आणि सावलीची. पेन्सिलीने फक्त या तिघींच्या सीमा हलक्या हाताने आखा.

आमच्या धुऱ्यावरचा एक दगड सांगते, म्हणजे क्रम कळेल. गोल आहे, आणि कांद्यासारखी त्याची सालं सुटलेली आहेत, बेसाल्ट असाच झिजतो, सालासालांनी. आधी कागद ओला करून सगळीकडे कच्च्या मुरमाचा पातळ पिवळा वॉश दिला, वरचा उजेडाचा तुकडा मात्र कोरडा पांढरा सोडला. पांढरा रंग आपल्याकडे नाहीच, कागदच पांढरा, त्यामुळे तो आधीच वाचवावा लागतो. ओलं असतानाच खालच्या बाजूला भाजलेला लाल सोडला आणि बोर्ड तिरका केला. इथे मातीच्या रंगाची गंमत दिसते. जाडसर कण कागदाच्या खळग्यांत जाऊन बसतात आणि आपोआप दगडाचा खरखरीतपणा उमटतो. तुम्ही वेगळी ठेवलेली जाडसर माती इथेच वापरायची, चिमूटभर घोटलेल्या रंगात मिसळून.

पूर्ण वाळू द्या. पूर्ण म्हणजे हाताच्या मागच्या बाजूला कागद गार लागला नाही पाहिजे. मग काजळी आणि लाल एकत्र करून सावलीची बाजू एका दमात, एकाच हाताने. परत त्यावर ब्रश फिरवायचा नाही. मातीचे रंग थोडे झाकणारे असतात, दोन थर बरे, तिसरा अगदी गरज असेल तर, चौथ्याला चिखल होतो. माझी सगळी वाया गेलेली चित्रं चौथ्या थरानेच गेली.

मग झिजलेला ब्रश जवळजवळ कोरडा करून उजेड आणि मधल्या बाजूच्या सीमेवर ओढायचा, सालांच्या कडा निघतात. भेगा सगळ्यात शेवटी. दिसतात तेवढ्या काढू नका, तीन-चारच, आणि प्रत्येक भेग एकीकडे जाड, एकीकडे बारीक होत संपली पाहिजे.

खडकाखालची सावली मात्र विसरू नका, ती नसली की दगड हवेत तरंगतो. आणि जमिनीलगत थोडं वाळलेलं गवत हवं असेल तर ओल्या सावलीतच नखाने ओरबाडा.

मागचे डोंगर पुढच्याहून फिकट आणि काजळीच्या पातळ पाण्याने. फाल्गुनात रंगवत असाल तर पळसाचा केशरी मातीतून येत नाही, तिथे मी ट्यूबचा रंग लावते आणि मला त्यात काही गैर वाटत नाही.

१०. चित्राच्या मागे लिहून ठेवा

मी मागे पेन्सिलीने मातीची जागा, खोली, भाजली की कच्ची आणि तारीख लिहिते. उदाहरणार्थ "विहिरीचा मुरूम, १८ फूट, १० मिनिटं भाजलेला". कारण त्याच विहिरीचा दोन फूट वरचा मुरूम वेगळा निघतो, आणि अर्धवट राहिलेलं चित्र पुढच्या वर्षी पुरं करायला घेतलं की रंग जुळत नाही. ही विहीर आता बांधून झाली, तो ढीगही लोकांनी रस्त्यावर टाकायला नेला, म्हणून १८ फुटांच्या मुरमाची एक बरणी मी न घोटता तशीच ठेवली आहे.